वाट सोडून आलेला माणूस

रक्तमहिना, म्हणजे हिवाळ्यासाठी जनावरं कापायचा महिना, तोंडावर आला होता. त्याआधी डुकरं घरी आणायची, म्हणून मी आणि माझा धाकटा दीर, हुनवाल्ड, ओकाच्या रानात गेलो होतो. नवरा गेल्यापासून घर भावजींच्याच जिवावर चाललं होतं. सकाळचं धुकं असं, की पुढचं डुक्कर दिसे, त्याच्या पुढचं नुसतं ऐकू येई. कुजक्या पानांचा वास घशात बसत होता.

वाटेपासून दूर, झाडांत, कुणीतरी चालत होतं.

"कोण आहे?" भावजी ओरडले. "अरे, हाक दे! नाहीतर शिंग फुंक!"

पावलं येतच राहिली...

आमच्याकडे हा कायदा पोरासोरांना पाठ. परक्यानं वाट सोडली तर ओरडावं, नाहीतर शिंग फुंकावं. गप्प राहिला तो चोर. त्याला मारलं तर तो खून नव्हे.

"भावजी, थांबा जरा..."

"गेल्या साली थांबलोच होतो ना, वहिनी? निम्मी डुकरं गेली!"

भाला सुटला.

म्हातारा होता. मरतानासुद्धा त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही.

भावजींनी लगेच गावात जाऊन सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कारभाऱ्यानं त्यांना निर्दोष ठरवलं. प्रेत शिवेवरच्या टेकाडात, फाशी गेलेल्यांच्या शेजारी पुरलं. पाद्री आला नाही.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी दारात आली. गळ्यात शिंग.

"माझा नवरा दिसला का गं? बहिरा-मुका आहे. धुक्यात हात सुटला. मी शिंग फुंकत होते, सारखी... ऐकू आलं नाही तुम्हाला?"

खरंच, आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं.

भावजी खाली बघत म्हणाले, "जे झालं ते कायद्यानं झालं, आजी."

ती रडली नाही. "कायदा त्याला ऐकवला कुणी, बाबा?" एवढंच म्हणाली आणि गेली.

त्यानंतर भावजींना शिंग ऐकू यायला लागलं. घास हातातच राही. "जवळ आलंय, वहिनी... तुम्हाला येत नाही ऐकू?" मला येत नव्हतं. पुढे पुढे त्यांना माझी हाकही ऐकू येईना.

असंच धुकं पडलेल्या एका सकाळी ते ताटावरून उठले. "आलो!" म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. कुणी घरचं बोलावतंय तसे रानात शिरले. मी घसा फुटेस्तोवर हाका मारत मागे धावले. गावानं सगळं रान पालथं घातलं. ते सापडले नाहीत.

आता डुकरं मीच चारते. धुकं उतरलं, की ती चरायची थांबतात आणि गोल करून, अंगाला अंग लावून बसतात. मध्ये एका माणसापुरती जागा सोडतात. काल धीर करून मी त्या जागेवर हात ठेवला.

पानं ऊबदार होती.