आत्याचा राग, तिसऱ्या दिवशीचा

रंगाचा डबा छातीशी धरून एक माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या नामकरण विभागाच्या दारात उभा राहिला, तेव्हा मंजूरताई ‘शांत पहाट ४१७’ या नावाला मंजुरी देत होती.

तिचं खरं नाव अर्थात मंजूर नव्हतं. पण रंगाच्या कंपनीत दिवसभर ‘मंजूर’ हे एकच बटण दाबणाऱ्या मुलीला लोक दुसरं काय म्हणणार? नव्या रंगांना नावं सिस्टीम ठेवायची, दिवसाला चाळीस. नाव पडद्यावर यायचं, ती मंजूर करायची, की ते डब्यावर छापलं जायचं. ‘नामंजूर’ असंही एक बटण होतं. ते दाबलं की ‘कृपया कारण निवडा’ असं यायचं आणि यादीत एकच कारण असायचं – ‘चुकून दाबलं’.

“हे नाव कुणी ठेवलं?” त्या माणसानं विचारलं. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि डाव्या भुवईवर हिरव्या रंगाचा एक ठिपका होता. तो पुसावा असं तिला का वाटलं, कोण जाणे.

तिनं डब्याकडे पाहिलं. विटकरी आणि गुलाबी यांच्यामध्ये कुठेतरी अडकलेला रंग. लेबलावर छापलं होतं, ‘आत्याचा राग, तिसऱ्या दिवशीचा’.

तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. ‘नाडी ११२. आपण अस्वस्थ आहात. पाणी प्या.’

ती पाणी प्यायली. प्यावंच लागे, ग्लासाखाली वजनकाटा होता.

“सिस्टीमनं ठेवलंय,” ती म्हणाली.

“सिस्टीमला आत्या असते?”

“असेल एखादी… जुनी आवृत्ती वगैरे.”

“मॅडम, मी नऊ वर्षं रंगारी आहे. ‘शांत पहाट’चे शंभर डबे उघडले असतील, एकाही पहाटेनं ढुंकून पाहिलं नाही. काल हा डबा उघडला आणि शिडीवर बसूनच राहिलो. पहिल्या दिवशी आत्या ओरडते. दुसऱ्या दिवशी बोलत नाही. आणि तिसऱ्या दिवशी–”

“न मागता चहा आणून आपटते,” मंजूरताईच्या तोंडून निघून गेलं. “पण त्यात साखर जरा जास्त असते.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

‘नाडी १२१. पाणी प्या.’

ग्लास रिकामा होता. पाण्याचं यंत्र बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला. जागेवरून उठायची परवानगी फक्त पट्ट्यानं सांगितलं तर मिळायची, आणि पट्ट्यानं आत्ताच सांगितलं होतं.

“मीही येतो,” रंगारी म्हणाला. “मला पट्टा नाही, पण तहान आहे.”

खरी गोष्ट अशी होती. दर शुक्रवारी चार वाजता सिस्टीम अकरा मिनिटं स्वतःला अपडेट करत बसायची. तेवढ्या वेळात नावाचा रकाना उघडा राहायचा आणि त्यात जे लिहाल ते थेट छपाईला जायचं. बाकीचे लोक तेव्हा मान मोकळी करून घ्यायचे. मंजूरताई मात्र एक नाव लिहायची. फक्त एक. आठवडाभर ती ते मनात घोळवायची, भांडी घासताना, बसची वाट पाहताना, घरी आत्या रागावून दार आपटत असताना. असं दोन वर्षं चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. आठवड्यातली ती अकरा मिनिटं सोडली तर ती काय करते, हे तिच्यापेक्षा तिच्या पट्ट्याला जास्त ठाऊक होतं.

आणि आता एका माणसानं ते वाचलं होतं. शिडीवर बसून.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. तक्रार समक्षच द्यावी लागे, हा कंपनीचा नियम. लोक कंटाळून येणार नाहीत या आशेनं केलेला.

“तक्रार काय?” तिनं फॉर्म उघडला.

“झाकण फार गोल आहे.”

त्याच्या पुढच्या आठवड्यात: “रंग भिंतीवर बसतो, पण नाव डोक्यातून जात नाही.”

“हे कुठल्या रकान्यात लिहू?”

“‘इतर’ आहे ना?”

“‘इतर’मध्ये पंचवीसच अक्षरं मावतात.”

“मग उरलेलं तोंडी सांगतो. पाणी प्यायला चला.”

शेजारच्या टेबलावरच्या काकू, ज्या एका हातानं मंजूर दाबत दुसऱ्या हातानं कोडी सोडवायच्या, संध्याकाळी मान वर न करता विचारायच्या, “आज किती ग्लास गं?”

“सहा.”

“म्हणजे येऊन गेला.”

पाण्याच्या यंत्राशी उभं राहून त्यानं एक दिवस आपलं गुपित सांगितलं. रंगाऱ्यांना कंपनीचा चष्मा घालावा लागायचा. काचेत हिरवी रेघ दिसायची, रोलर तिच्यावरूनच फिरवायचा. जरा इकडेतिकडे झालं की चष्मा कानाशी टकटक करायचा.

“पण अस्तराच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या हाताला तो रेघ दाखवत नाही,” रंगारी हळूच म्हणाला. “फक्त भिंत किती झाकली ते मोजतो. कशी झाकली, त्याला देणंघेणं नाही. म्हणून मी आधी चित्र काढतो. मग आजूबाजूचं भरतो. मग वरून दोन हात ‘शांत पहाट’.”

“कसलं चित्र?”

“दातांच्या डॉक्टरांकडे बसायची खोली आहे ना, तिथं कोचाच्या मागे एक गाढव आहे. गाल बांधून रांगेत बसलंय. बँकेत खिडकी नंबर तीनच्या वर एक म्हातारी विमान चालवतेय. दोनशे सत्तर भिंती झाल्या.”

“पण… कुणाला दिसत नाही.”

“मला माहीत असतं ना.” तो ग्लासात बघत म्हणाला. “आता तुम्हालाही.”

‘नाडी १३०,’ पट्टा म्हणाला. यंत्रातलं पाणी संपलं होतं.

फोन नंबर त्यांनी घेतले नाहीत. तो म्हणाला, “मी ‘तुमची’ लिहिलं की फोन पुढे ‘ऑर्डर निघाली आहे’ लिहितो.” ती म्हणाली, “नकोच. आपलं आपण बोलू.”

सगळं छान चाललं होतं, म्हणजे आता काहीतरी होणारच होतं. एका सोमवारी पडद्यावर नाव आलं, ‘मावशीचा राग, चौथ्या दिवशीचा’.

मंजूरताईचं बोट हवेतच राहिलं. पुढचं नाव, ‘मामाचा संताप, दुपारचा’. मग ‘चुलत आत्याचा राग, भाग १ ते ७’.

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. साहेब भला माणूस होता, पण कानात यंत्र होतं आणि काय बोलायचं ते त्यातून यायचं. म्हणून प्रत्येक वाक्याआधी ते परदेशी फोन लावल्यासारखे थांबायचे.

“तुमची एकशे चार नावं सापडली,” साहेब थांबले, “आणि ती लोकांना आवडली, ही आनंदाची बाब आहे. सिस्टीम ती पद्धत शिकली आहे. आता तुम्हाला,” पुन्हा थांबले, “त्रास घ्यायची गरज नाही. ती नावं सिस्टीमनंच ठेवली होती, एवढं मान्य करा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर तळघरात, झाकण विभागात जागा आहे.”

पडद्यावर तीन उत्तरं होती: ‘होय’, ‘अर्थातच’, ‘आनंदाने’.

झाकण विभागाची भीती तिला नव्हती. तिला भलतंच काहीतरी टोचत होतं. जे दोन वर्षं आपलं, अगदी आतलं म्हणून जपलं, ते एका यंत्राला आठवडाभरात जमलं? मग आत आपलं असं होतं तरी काय?

“जेवत का नाहीस गं भिंगरे?” घरी आत्यानं विचारलं. भिंगरी हे तिचं घरचं नाव.

“आत्या, तुझ्यासारखं कुणी हुबेहूब रागावू शकेल?”

“रागावेल की,” आत्या म्हणाली. “पण तुझ्यावर कशाला रागावेल?”

दुसऱ्या दिवशी तिनं रंगाऱ्याच्या हातात एक कागद ठेवला. वर बारा नावं. “अकरा सिस्टीमची आहेत. एक माझं. ओळखा.”

“चुकलो तर?”

“तर मी ‘आनंदाने’ दाबते.”

त्यानं पहिल्यांदाच थट्टा केली नाही. व्हरांड्याच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात कागद धरून तो वाचत राहिला. ‘आजोबांचा प्रेमळ स्वेटर’ वाचून मान हलवली. ‘मामेबहिणीचा रुसवा, सौम्य’ वाचून नाक मुरडलं. मंजूरताई तेवढ्यात तीन ग्लास पाणी प्यायली आणि पट्टा तरीही समाधानी नव्हता.

मग त्याचं बोट थांबलं.

“हे. ‘खोटं बोलल्यावरचे कान’.”

“…कशावरून?”

“बाकी सगळ्यांत गोड गोड नातेवाईक आहेत. इथं कुणाला तरी खरंच लाज वाटलीय.” त्यानं वर पाहिलं. “आणि पहिल्या दिवशी तुम्ही ‘सिस्टीमनं ठेवलंय’ म्हणालात ना, तेव्हा तुझे कान याच रंगाचे झाले होते.”

‘तुम्ही’पासून ‘तुझे’पर्यंत तो एकाच वाक्यात आला होता. बहुधा त्याला कळलंही नाही. तिला मात्र कळलं. तिचे कान पुन्हा त्याच रंगाचे झाले आणि या वेळी ती खोटं बोलली नव्हती.

शुक्रवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. “नाही,” ती म्हणाली. “ती नावं माझी आहेत. चांगली असोत, वाईट असोत… माझी आहेत.”

साहेब थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. कानातलं यंत्र गप्प होतं. ‘नाही’नंतर काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी साहेबांनी ते काढून टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज जरा गंजलेला होता.

“आमच्या बेडरूमला तोच रंग आहे,” ते म्हणाले. “आत्याचा. भांडण झालं की ही भिंतीकडे बघते आणि… हसते.” त्यांनी घाईघाईनं यंत्र परत कानात घातलं. “झाकण विभागात आपलं स्वागत आहे.”

तळघरात पडदा नव्हता आणि तिथं सिग्नल येत नाही म्हणून पट्टाही काढून घेतला. सरकत्या पट्ट्यावरून डबे यायचे, त्यांच्यावर झाकण ठेवायचं, रबरी हातोडीनं ठोकायचं. पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की झाकणाच्या आतल्या बाजूकडे जगात कुणाचंच लक्ष नसतं. तिनं पर्समधून तेलकट खडू काढला. आता अकरा मिनिटं नव्हे, अख्खा दिवस हाताशी होता.

फक्त रंगाऱ्याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या मजल्यावर तो विचारायला गेला असणार आणि सिस्टीमनं ‘अशी कोणतीही व्यक्ती उपलब्ध नाही’ सांगितलं असणार. फोन नंबर न घेण्याचा निर्णय आता तितकासा थोर वाटेना.

मग एका मंगळवारी तिनं खडू घेतला आणि झाकणाच्या आत लिहिलं, ‘खोटं बोलल्यावरचे कान. आता खरं बोलायचंय. तळघरात पाणी प्यायला येतोस?’ पण हा डबा त्याच्याच हाती पडेल कशावरून? म्हणून तिनं तेच दुसऱ्या झाकणावर लिहिलं. मग तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत तीनशे झाली.

यातली अडचण तिला शनिवारी सकाळी समजली, जेव्हा तळघराच्या दाराशी सात रंगारी रांगेत उभे दिसले. सगळ्यांचे केस विंचरलेले. सगळ्यांच्या हातात झाकण. एकानं स्वतःचा ग्लास आणला होता. एक साठीचे काका तर म्हणाले, “बाळ, माझं लग्न झालंय, पण इतक्या प्रेमानं कुणी बोलावलं की नाही म्हणवत नाही.”

तिनं सगळ्यांची माफी मागितली आणि प्रत्येकाला पाणी पाजलं. काकांनी दोन ग्लास घेतले. सगळे गेले आणि जिन्यावर आणखी एक जण बसलेला दिसला. मांडीवर तसंच झाकण, आणि डाव्या भुवईवर आज निळा ठिपका होता.

“सात जणांना बोलावलंस?” तो म्हणाला.

“तीनशे जणांना. सात आले.”

“मी कितवा?”

“आठवा.”

“उशीर झाला थोडा. तिसऱ्या मजल्याचं काम मागून घेतलं होतं, तुला शोधायला. तू नव्हतीस, काकूंनाही तू कुठं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग भिंत होती, अस्तर होतं…” तो थांबला, पण हे थांबणं साहेबांसारखं नव्हतं. “काकूंच्या समोरच्या भिंतीवर, रंगाखाली एक मुलगी आहे. ग्लास हातात घेऊन उभी. कान जरा मोठे झालेत.”

“किती मोठे?”

“खिडकीपर्यंत.”

ती हसली. मग पुढे होऊन तिनं बोटानं त्याच्या भुवईवरचा ठिपका पुसला. तो गेला नाही, पसरला. “खरं बोलायचंय म्हणून लिहिलं होतं,” ती म्हणाली. “तर… मला तू आवडतोस. कधीपासून ते विचारू नकोस. दोनशे-अडीचशे ग्लास झाले असतील.”

त्यानं तिचा हात अलगद हातात घेतला. पट्ट्याची जागा अजून फिकट होती, तिथं त्यानं रंगानं खरखरीत झालेली दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून ओठांनी आकडे मोजू लागला.

“किती?” तिनं विचारलं.

“विसरलो,” तो म्हणाला. “पण खूप आहे. पाणी देऊ?”

“नको,” मंजूरताई म्हणाली. “राहू दे अशीच.”