कापलेल्या जागा

लीलाधरचा प्रश्न साधा होता. घरी गाणं तयार करायचं, तर कॉम्प्युटरला मेमरी किती लागते?

एरंडोलचा लीलाधर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याने सुरतेहून एक जुना कॉम्प्युटर आणला, मॉनिटर गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. शैलजा जळगावच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिच्या सुटीतल्या कॉम्प्युटर वर्गाला तो येऊन बसायचा, म्हणून ओळख.

"नीट कामाला बत्तीस मेगाबाइट," ती म्हणाली. "तुमच्याकडे आठ आहेत. त्यातले निम्मे विंडोजच खातं."

"मग आठात बसवायला काय गाण्याचा गळा कापू, मॅडम?" तो हसला, आणि त्याने जीभ चावली.

मग त्याने सांगितलं. त्याची आई, वच्छलाबाई, कानबाई देवीची गाणी सांगणारी. श्रावणात कानबाई बसली की पहिली ओळ तिची. बाकीच्या बाया तीच ओळ मिळून परत म्हणणार, ती झील. आता आईच्या घशात गाठ निघाली होती. धुळ्याला ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

शैलजा त्या रविवारी एरंडोलला गेली. लीलाधरने आईचं गाणं आधी कॅसेटवर घेतलं होतं. कॅसेट लागली आणि शैलजा पेन हातात धरून तशीच बसली. इतका सरळ, न थरथरणारा आवाज तिने कुणाचाच ऐकला नव्हता. प्रत्येक ओळीनंतर मात्र तेवढीच लांब रिकामी जागा होती. नुसता पंख्याचा आवाज.

"अक्का, मध्ये थांबता का तुम्ही?" तिने वच्छलाबाईला विचारलं.

"झील व्हवाले नको का?" वच्छलाबाई म्हणाली.

"पण एकट्याच गात होता ना?"

"आईच्या जोडीच्या सगळ्या गेल्या," लीलाधर हळूच म्हणाला. "तरी जागा सोडते. झील झाल्याशिवाय पुढची ओळ घेत नाही."

शैलजाने हिशेब मांडला. लीलाधरकडचा आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्राम अख्खं गाणं मेमरीत घ्यायचा. मिनिटाला अडीच मेगाबाइट. अख्खं मावणार नव्हतं.

"शांतताही आवाजाएवढीच जागा खाते," ती म्हणाली. "मधल्या जागा कापा. ओळी तेवढ्या ठेवा."

लीलाधर चार दिवस त्यामागे बसला. शैलजा पुन्हा आली तेव्हा पडद्यावर आवाजाची रेघ सलग दिसत होती. कुठे सांधा दिसत नव्हता, श्वास तुटला नव्हता. इतक्या तोकड्या यंत्रावर इतकं सफाईचं काम. तिला मनापासून कौतुक वाटलं.

"लावा," ती म्हणाली.

पहिली ओळ आली. संपली.

दुसरी आली नाही. पंख्याचा आवाज होता. मग कुणीतरी श्वास घेतला, आणि पाच-सहा बायांनी तीच ओळ परत म्हटली.

शैलजाने पडद्याकडे पाहिलं. रेघ सलगच होती. त्यावरून सरकणारा काटा पहिल्या ओळीच्या टोकाशी थांबला होता. झील संपल्यावर तो पुढे निघाला.

बांगड्या वाजत होत्या. एक बाई किंचित मागे राहत होती. झिलेआधीच्या प्रत्येक श्वासात एक बारीक शिट्टी होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. तारांचा दोष असेल म्हणून शैलजाने स्पीकरची पिन काढून परत लावली. शिट्टी तशीच.

"भाऊ, कुणाला बोलावलं होतं गायला?"

"कुणालाच नाही," लीलाधर म्हणाला.

वच्छलाबाई मात्र हसत होती. "ह्या बठ्ठ्या मन्या जोडीन्या बाया शेतस," आपल्या गेलेल्या सगळ्या सोबतिणींचे आवाज ओळखून ती म्हणाली. "ती मांगे ऱ्हास ना, ती इंदिरा."

ऑपरेशन नीट झालं. आखाड सरता सरता शैलजा भेटायला आली, पर्समध्ये बत्तीस मेगाबाइट मेमरीच्या पट्ट्या घेऊन. आता काही कापायला नको होतं. वच्छलाबाई खाटेवर बसली होती. गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं होतं, त्यावर पांढरं फडकं. तिने शैलजाचा हात धरून शेजारी बसवलं.

लीलाधरने जुन्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या आणि कॅसेटवरचं अख्खं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. गाणं लागलं. ओळ सुंदर आली. मग पंखा. पुढची ओळ. पुन्हा पंखा. झील नव्हती.

वच्छलाबाईने जोरजोरात हात हलवला. टेबलावर काढून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यांकडे बोट केलं.

"अक्का, त्यात मावत नाही हो," शैलजा म्हणाली.

ती बोट खाली घेईना. डोळे भरून आले होते.

लीलाधरने जुन्या पट्ट्या परत बसवल्या. कापलेलं गाणं उघडलं.

पहिली ओळ आली. संपली.

काटा थांबला.

शेजारी वच्छलाबाई ताठ बसली. गायला बसायची तशी. तिने छाती भरून श्वास घेतला.

स्पीकरमधून बारीक शिट्टी आली. ऑपरेशनच्या आधीच गाण्यात ऐकलेली तीच शिट्टी आता शैलजाच्या खांद्याजवळूनही आली.

तिने वळून पाहिलं. पांढरं फडकं गळ्याच्या भोकात आत ओढलं गेलं होतं. झील संपेपर्यंत ते तसंच आत राहिलं.