खोलवाट

तारवाडीत समुद्र हलत नसे. किनारे बुडाल्यावर कोकणातल्या माणसांनी विषुववृत्तावर, भर समुद्रात, हे तरंगतं गाव वसवलं होतं. दुपारी सगळं गाव दाराबाहेर चटया टाकून पडे. पाणी इतकं संथ, की आभाळातला ढग खरा की पाण्यातला, हे क्षणभर कळत नसे. बोट लागते म्हणजे काय होतं, हे इथं वाढलेल्या मुलांना माहीतच नव्हतं.

ही शांतता गावाला वैजयंती तांडेल या सागरवैज्ञानिक बाईंनी मिळवून दिली होती. विषुववृत्ताजवळचं पाणी काही दिवस उत्तरेला कलतं, मग काही दिवस दक्षिणेला. एक झोका पुरा व्हायला महिनाभर लागतो, म्हणून तारवाडीकर त्याला मासलाट म्हणत. ती डोळ्यांना दिसत नाही. पण गावाला तळाशी बांधून ठेवणाऱ्या साखळ्यांना तिची ओढ बरोबर जाणवते. सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक साखळी तुटली आणि तिच्या तडाख्यात वैजयंतीच्या मोठ्या बहिणीचा नवरा गेला. त्यानंतर वैजयंतीने शमक बनवले. शमक म्हणजे गावापासून दूर, मैलोन्‌मैल पाण्यात खोल सोडलेले पडदे. मासलाटेचा जोर ते पिऊन टाकत.

बहिणीची मुलगी केतकी तेव्हा रांगत होती. आता ती साखळ्या सांभाळणाऱ्या पथकात होती. साखळ्या सैल लोंबत, त्यामुळे पथकाचा बराचसा वेळ डुंबण्यातच जाई.

मग कुपा मासे कमी झाले. पुढच्या हंगामात आणखी कमी. वैजयंतीने खोल पाण्यात यंत्रं सोडली, आणि जे कळलं ते घेऊन ती बहिणीकडे गेली. बहीण गावची सरपंच होती. सगळे तिला अक्काच म्हणत. ती पाण्यात पाय सोडून जाळं सांधत बसली होती.

"अक्का, शमक उचलावे लागतील."

अक्काचा हात थांबला. "तू माशांचं सांगायला आलीस ना?"

"तेच सांगतेय. आपल्या खाली, खूप खोल, पाण्याचे प्रवाह आहेत. भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक. एक पूर्वेला जातो, त्याच्या वरचा पश्चिमेला. आम्ही त्यांना खोलवाटा म्हणतो. दूरच्या ताज्या पाण्यातला प्राणवायू त्याच इथं आणतात. त्या मंदावल्यात. खालची बारीक मासळी गुदमरली. मग तिच्यावर जगणारा कुपा कशाला येईल?"

"पण शमक तर नुसते झोके थांबवतात."

"आई ताक घुसळायची, आठवतं? दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे. दोरी कुठंच जात नाही, तरी लोणी येतं. मासलाट तशीच. झुलताना ती खोलवाटेपाशी वाकते, आणि आपला थोडासा जोर, वाट जिकडे चाललीय तिकडेच, तिला देऊन जाते. खोलवाट वाहून वाहून थकते गं. हे झोके तिचं जेवण. मी ते बंद केलं."

अक्काने जाळं बाजूला ठेवलं. "दुसरा काही जोर लावता येणार नाही?"

"एवढा जोर माणसांकडे नाही."

"आणि मासे?"

"यायला वर्षं लागतील. तोवर साखळ्या ताणतील. कुठली कधी तुटेल, ते मला सांगता येणार नाही. नाही उचलले शमक, तर आपली उपासमार. पलीकडच्या बेटांवरच्यांचीही."

"हे गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, परत असं होऊ देणार नाही."

"म्हणाले होते," वैजयंती म्हणाली.

गावसभेत खूप भांडणं झाली. शेवटी केतकी उठली. "साखळ्या आम्ही बघू," ती म्हणाली, "तुम्ही समुद्राला सोडा." काही घरं गाव सोडून गेली. उरलेल्यांनी शमक उचलले.

समुद्र हळूहळू जागा झाला. गाव आधी किंचित कललं, मग झोपेत कूस बदलावी तसं उत्तरेकडे सरकू लागलं. मुलांना उलट्या झाल्या. म्हाताऱ्यांना मात्र कधी नव्हे अशी झोप लागू लागली. तुळया सावकाश कुरकुरत, चुलीवरच्या पेजेची पातळी एका बाजूला चढे. केतकीला ते फार आवडे. फळ्यांवर उताणी पडून ती म्हणे, "मावशी, बघ, गाव चाललंय."

दुसऱ्या वर्षी, गाव दक्षिणेला ओढलं जात असताना, एक साखळी तुटली. केतकी तिच्यावरच काम करत होती. ती सापडली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी होड्या कुप्यांनी भरून आल्या. धक्क्यावर ढोल वाजू लागले. वैजयंती अक्काच्या घरी आली. यंत्रांनीही तेच सांगितलं होतं: खोलवाट पुन्हा जोरात वाहत होती.

"म्हणजे झालं तुझं काम?" अक्काने विचारलं. "आता शमक परत पाण्यात सोडता येतील?"

वैजयंतीने नकारार्थी मान हलवली. "खोलवाट साठवून ठेवता येत नाही, अक्का. झोके थांबले की ती परत मरेल."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

बाहेर पोरं नाचत होती. अक्का त्यांच्याकडे, एकेकाच्या चेहऱ्याकडे, बघत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले.

"पथकातली माणसं आता थकली," ती म्हणाली. "बायजाची थोरली चांगली पोहते. तिला बोलावून घे."