नऊ इंचाचं पाऊल

"अहो, पाय! पाय बघा तुमचा!"

दिपमाला ओरडली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. फोनवर बोलत उलटा उलटा चालणारा तो माणूस झेंडूच्या रोपांच्या ट्रेमध्ये उभा होता. चांगला दोन्ही पायांनिशी!

सोनगीरच्या शिवारात, हायवेला लागून, सुकदेव आबांची नर्सरी. आबांचा जीव सप्ताहातल्या मृदंगात. त्यामुळे लेक उद्यानविद्येची पदवी घेऊन आली तशी नर्सरी त्यांनी हसत हसत तिच्या पदरात टाकली होती. या पाहुण्याची गाडी पंक्चर झाली होती आणि पंक्चरवाल्याची वाट बघत तो सावलीला आत शिरला होता.

"सॉरी... खरंच सॉरी. मी भरून देतो."

"भरून द्यायला ही काय काचेची बरणी आहे? बसा खाली. जगण्यासारखी आहेत ती पुन्हा लावा."

"मी?"

"पाय तुमचेच होते ना? मग हात कोणाचे लागणार?"

लांबून आबा हसले. "कर भाऊ, कर. ती माले बी सोडत नही!"

तो निमूट बसला. बोटभर रोप, चिमूटभर माती... नाजूक काम. पाच-सहा रोपं लावून झाल्यावर त्याने विचारलं, "जगतील ना ही?"

प्रश्न साधाच होता. पण आवाजात अशी काही धास्ती होती की दिपमालाने मान वर करून पाहिलं. झेंडूसाठी कोणी एवढं घाबरत नाही. माणसाच्या मनात एक असतं आणि तोंडी दुसरं येतं, तसं काहीतरी हे होतं.

"घरी कोणी आजारी आहे का?" तिने हळूच विचारलं.

आणि तो बोलला. नाव मनन. धुळ्यात देवपुरात घर. वडील भंवरलालजी कापडाचे व्यापारी. जानेवारीत आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण मनात भीती बसली ती बसलीच. रोज सकाळी महाराजांचं व्याख्यान ऐकायला पायी जैन स्थानकात जाणारी बाई आता वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत जाते, तेवढंच. डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं होतं, या दोन महिन्यांत चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील.

"आमच्या घरामागे वीस बाय पंधराची जागा पडून आहे," मनन म्हणाला. "रस्त्यावर यायला मम्मी तयार नाही. पण दारातून दिसेल, चार पावलं टाकावीशी वाटतील असं काही... होईल का हो तिथे?"

दिपमालाने आजवर लोकांना रोपं विकली होती, बागा कागदावर काढल्या होत्या. एका आईचे पाय जिच्यावर अवलंबून आहेत अशी बाग?

"होईल," ती म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

*

देवपुरातलं ते परसू म्हणजे जुनी कुंपणाची तार, मोडका कूलर आणि एरंडाचं रान. जून उजाडला तसा दिपमालाने त्यात हात घातला. जागा लहान असली की आधी भिंतींना कामाला लावायचं. मागच्या भिंतीवर मधुमालती, उजव्या कोपऱ्यात पारिजातक, दारातून वास यावा म्हणून डावीकडे मोगरा, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कढीपत्ता. आणि टोकाला, बसायला एक बुटका कट्टा.

मनन दुकानातून दुपारी जेवायला यायचा आणि जेवण सोडून परसातच रेंगाळायचा.

"तुम्ही रोज उन्हात उभे राहता. दुकानात कोणी विचारत नाही?"

"विचारतात ना. मी सांगतो, कामावर लक्ष ठेवतो."

"कामावर?"

"...मोगऱ्यावर."

ती खाली बघून हसायची. मग लगेच भानावर यायची. आपण कोण, हे कोण! बाई, जमिनीवर राहा, ती स्वतःला बजावायची.

एकदा त्याने विचारलंच. "तुमच्याकडे हिवाळ्यात भरीत रोज होतं म्हणतात, खरं का?"

"रोज नाही. दिवसाआड. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे वांगं उंबऱ्याच्या आत येत नाही."

"अरे देवा! मग खान्देशात राहून तुम्ही हिवाळा काढता तरी कसा?"

"कसाबसा," तो म्हणाला, आणि तिच्याकडे असा बघत राहिला की तिच्या हातातली झारी भलत्याच कुंडीत रिकामी झाली.

मननची आई, मोहनबाई, खिडकीतून हे सगळं पाहायच्या. गोऱ्या, किडकिडीत, कपाळापर्यंत पदर. "पोरी, ऊन लागेल, आत ये," म्हणायच्या आणि उकळून गार केलेलं पाणी पुढे करायच्या. दारापर्यंत मात्र येत नसत.

मधली मोकळी जमीन काय करायची, हा प्रश्न उरला. "मऊ हवं काहीतरी," मनन म्हणाला. "पडायचीच भीती आहे तिला. पडली तरी लागणार नाही असं दिसलं, तर धीर येईल."

दिपमालालाही ते पटलं. जुलैच्या सुरुवातीला हिरवळीचे तयार गालिचे आले, आणि एका दिवसात परसू भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवंगार झालं. मननने हात धरून आईला दारात आणलं. मोहनबाईंनी पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर आला.

पाय मागे गेला.

"आज नको," त्या हलकेच म्हणाल्या. "फार सुंदर झालंय, बेटा. पण आज नको."

दुसऱ्या दिवशीही आज नको. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मनन उंबऱ्यावर डोकं धरून बसला. "भीती गेलीच नाही तिची. आता जाणारही नाही."

 दिपमाला कढीपत्त्यापाशी उगाच माती उकरत बसली, आणि डोळ्यांतलं पाणी मातीत पडू लागलं. तेवढ्यात भांडी घासणाऱ्या झुंबरबाई मोरीतून म्हणाल्या, "कसाले रडस वं, माय?"

"बाग फसली, मावशी. काकूंचं पाऊल बाहेर पडत नाही."

"कसं पडी?" झुंबरबाईंनी हातातला तवा खाली ठेवला. "बठ्ठं हिरवंगार करी टाकं तू. मोहनबाई हिरवळवर पाय ठेवतस नही, पोरी. जीव दुखावस म्हणतस. त्यासना धरमच तसा शे. वीस वरीसपासून देखी रायनू मी."

दिपमालाने हातातली माती टाकली. मनन उठून उभा राहिला होता.

"मला माहीत होतं," तो पुटपुटला. "लहानपणी बागेत गेलो की मम्मी कडेच्या फरशीवरून चालायची... मी एवढं कसं विसरलो?"

म्हणजे एवढे दिवस दोघं जिला भित्री समजत होते, ती बाई गवताच्या पात्याला जपत होती! आणि पोरीचे कष्ट वाया जातील म्हणून तोंडातून शब्द काढत नव्हती.

"उद्याच्या उद्या बदलते," दिपमाला म्हणाली.

"उद्या आणि परवा, दोनच दिवस आहेत," मनन म्हणाला. "परवानंतर चौदस. आमचा चौमासा, चातुर्मास लागतो. मग चार महिने मम्मी या घरात जमीन उकरू देणार नाही. आणि डॉक्टरांनी दिलेले दोन महिने..."

*

दिपमाला आत गेली, मोहनबाईंच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "काकू, चुकलं माझं. हिरवळ मी परत नेते."

मोहनबाईंनी तिच्या केसांतलं वाळकं पान काढलं. "नेशील. पण मरेल ना ते?"

"नाही. मुळं अजून धरली नाहीत. चटईसारखं उचलेन आणि सोनगीरला पुन्हा अंथरेन. एक काडी मरू देणार नाही."

"आणि खालची गांडुळं?"

"ती... ती मी हाताने उचलून वाफ्यात सोडेन."

असं वचन द्यायला एक क्षण लागतो. पाळायला मात्र गुडघे फुटतात. दोन दिवस ती आणि मनन जमिनीवर बसून गालिचे गुंडाळत होते. आभाळ काळवंडून आलं होतं. पाऊस कोसळला असता तर चिखल झाला असता आणि सगळंच संपलं असतं. दर थोड्या वेळाने दोघं वर बघायचे.

"इकडे एक आहे... मोठं आहे," मनन मधूनच हाक मारायचा.

"मग उचला ना."

"मला... गांडुळाची भीती वाटते."

"काय?"

"हसू नका हो!"

ती हसली. खूप हसली. मग त्याची ओंजळ आपल्या ओंजळीत घेऊन तिने ते वळवळणारं ओझं त्याच्या तळव्यावर ठेवलं. तो डोळे मिटून बसला. त्याच्या हाताखाली तिचा हात होता. आणि दोघांपैकी कोणीच लवकर उठलं नाही.

मग फरशी. शहाबादी, खरबरीत बाजू वर, पाय घसरू नये म्हणून. मोहनबाईंचं पाऊल किती पडतं, ते दिपमालाने वॉकरच्या मागे चालून, टेप लावून मोजलं होतं. नऊ इंच. तेवढ्याच अंतराने तिने प्रत्येक फरशीवर एक बारीक खूण कोरून घेतली, दारापासून कट्ट्यापर्यंत वीस. कडेने बांबूचा कठडा. त्यावर जाई चढवली. दवाखान्यातल्या दांडीसारखा तो दिसता कामा नये, एवढाच तिचा हट्ट. चौदस उद्यावर आली असताना, दिवस मावळायच्या आत शेवटची फरशी बसली.

मोहनबाई दारात आल्या. खाली पाहिलं. हिरवं एक पातं पायाखाली नव्हतं. तरीही त्या हलल्या नाहीत.

"मम्मी?"

"गवत होतं तोवर बरं होतं रे," त्या म्हणाल्या. "माझा नियम खराच आहे. पण त्याच्याआड मी लपलेही होते. आता आड काही उरलं नाही. आता नुसती भीती आहे."

दिपमाला कठड्याच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मलाही फार भीती वाटते. तुम्ही एक पाऊल टाका, मी माझी एक भीती सांगते. चालेल?"

म्हातारीच्या डोळ्यांत किंचित चमक आली. "खरी सांगायची."

"खरी."

पहिलं पाऊल पडलं. नऊ इंचाचं. बांबू धरलेली बोटं पांढरीफटक झाली होती.

"मला पालीची भीती वाटते."

"ही सगळ्यांनाच वाटते. चालायचं नाही," मोहनबाई म्हणाल्या, पण दुसरं पाऊल टाकलं.

"तुमच्या घरी आले तेव्हा भीती वाटली, मला काही येत नाही हे कळेल."

तिसरं. चौथं. पाचवं. आबांची तब्येत, गारपीट, इंग्रजीतून येणारे फोन... भीती सरत गेल्या, पावलं पडत गेली. मनन दारातच उभा होता. सोळाव्या खुणेवर मोहनबाई थांबल्या. "संपल्या?"

"एक आहे."

"मग सांग. माझे पाय दुखतायत, पोरी."

दिपमालाने जाईच्या वेलीकडे पाहिलं. "आज हे काम संपलं," ती म्हणाली, इतकी हळू की ऐकायला वाराही थांबावा. "उद्यापासून या घरी यायला मला काही कारणच उरणार नाही. त्याची... त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते."

मोहनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं.

"मनन, चार पावलं उरलीत. हिच्या भीती संपल्या. तुझी काही असली तर बोल."

मनन दारातून पुढे आला. "मला भीती वाटते," तो म्हणाला, "की ती उद्या येणार नाही. आणि त्याहून मोठी भीती... की ती येईल, आणि मी उद्याही काही न बोलता मोगऱ्याकडे बघत उभा राहीन." "दिपमाला, कारण लागतंच का? मी पुरणार नाही?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं... आणि मान हलवली. पुरेल. भरपूर पुरेल.

मोहनबाईंनी उरलेली चार पावलं मुकाट्याने टाकली आणि धपकन कट्ट्यावर बसल्या. बराच वेळ दम खात राहिल्या.

"दोन्ही घरी वादळ होईल," त्या शेवटी म्हणाल्या. "यांना मी सांगेन. सांगायची भीती मलाही वाटते; पण आज एक भीती पायाखाली घातली आहे, तोवरच सांगितलेलं बरं. आता जा, पाणी आणा मला. दोघं जा. मला जरा एकटीला बसू द्या."

एकटीला! सहा महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडी आला नव्हता.

स्वयंपाकघरात मननने तांब्या विसळायला नळ सोडला. दिपमालाची नजर खिडकीबाहेर गेली. मोहनबाई उभ्या राहिल्या होत्या. वॉकर दारात, माणूस जवळ नाही. कठड्यावर नुसता हात टेकवून त्या पारिजातकाच्या दिशेने निघाल्या होत्या. एक पाऊल. थांबल्या. झोक गेला...

"मम्..." मननच्या ओठांवर आलेली हाक दिपमालाने त्याचा हात घट्ट दाबून परतवली. "हाक मारू नका. दचकतील."

दोघं खिडकीशी उभे. हातात हात. दुसरं पाऊल. तिसरं. देवा, सांभाळ रे... चौथं. मोहनबाई पारिजातकापाशी पोचल्या, त्याच्या कोवळ्या खोडाला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या, सरळ, कोणाच्याही आधारावाचून.

मग त्यांनी कान टवकारले. आणि पूर्वीच्या, घर दणाणून सोडणाऱ्या आवाजात ओरडल्या, "अरे, पाणी वाहतंय तिकडे! नळ बंद करा कोणीतरी!"

मननने नळ बंद केला. डाव्या हाताने. उजवा मोकळा नव्हता.