आनंदीबाईचा अंगठा

"राजीनाम्यावर सही मी करणार नाही! आळ माझ्यावर आला आहे, तो मीच पुसून घेईन."

सन १९५८च्या मार्गशीर्षात, तोंडवलीच्या शुश्रूषागृहातील हिशेबनीस सुभद्राबाई यांनी खासगी शोधक भाई तिरोडकर यांच्या ओटीवर हे उद्गार काढले. भाईंचा सोबती लवू याच्या मनात आले, बाई इतक्या जोरात बोलते, त्याअर्थी कुठेतरी पाणी मुरतेच आहे.

प्रकरण असे होते. रुग्णांचे पैसे मुलांच्या मनीऑर्डरींनी मुंबईहून येत व गृहाच्या कपाटात राहत. रुग्णाने पावतीवर अंगठा दिला की रक्कम त्याच्या हाती पडे. आनंदीबाई नामक वृद्धेच्या नावे साठ रुपयांची पावती निघाली. म्हातारीला मात्र छदामही मिळाला नव्हता. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सुभद्राबाईंपाशी, दुसरी व्यवस्थापक परशुरामपंतांपाशी.

परशुरामपंत वीस वर्षे मुंबईच्या पेढीवर काढून नुकतेच इकडे आलेले. अडकित्त्याने सुपारी कातरीत त्यांनी सुभद्राबाईंबरोबर आलेल्या भाई व लवूचे रुग्णांच्या खाटांमध्येच स्वागत केले. सुपारी धरलेल्या अंगठ्यावर जुना तिरपा व्रण होता.

"ही पावती पाहा. अंगठा कसा छापल्यागत उमटला आहे! म्हातारीने अंगठा दिला, ती विसरली, आणि पैसे या बाईने लाटले. म्हातारीच्या जुन्या पावत्यांवर तर हिने घेतलेले नुसते शाईचे डाग. अशी बेफिकीर बाई!"

लवूने पावत्या ताडून पाहिल्या. बोलणे अक्षरशः खरे होते.

गडी धोंडू म्हणाला, "शाईचो डबो नेमी मीच धरतंय. ह्या पावतेक माका कोणी बोलवंक नाय."

भाई आनंदीबाईच्या खाटेपाशी बसले. "आजी, जन्मभर काम काय केलेत?"

"काजू फोडलंय, बाबा! चाळीस वर्सां. तेलान हातांची कातडी गेली, पण अक्कल जळाक नाय. पैसे माका गावले नाय म्हणजे नाय!"

भाईंनी तिथेच, सर्व रुग्णांच्या देखत, शाईचा डबा मागविला. आनंदीबाईने कागदावर अंगठा टेकला. उमटला तो काळा डाग.

"शाई जास्त झाली," लवू पुटपुटला.

"नाही लवू. काजूच्या तेलाने हिच्या अंगठ्याच्या रेषाच खाऊन टाकल्या आहेत. डाग पडलेल्या पावत्या खऱ्या, स्वच्छ अंगठ्याची खोटी. इथल्या माणसाने ही चूक केली नसती. काजू फोडणारे हात त्याने घरोघर पाहिलेले असतात. शिवाय या स्वच्छ रेषांमधून एक तिरपी पांढरी फट गेली आहे. परशुरामपंत, आपला अंगठा दाखविता?"

परशुरामपंतांनी हात धोतराच्या सोग्यात लपविला. "साठ रुपये मी भरतो. संस्थेची अब्रू आहे... आतल्या आत मिटवू. सुभद्राबाई, उद्यापासून कामावर या."

"घ्या बाई, नोकरी राहिली!" लवू आनंदाने म्हणाला.

"चोर म्हणालात ते या साऱ्या खाटांसमोर," सुभद्राबाई उत्तरल्या. "मग कबुलीही इथेच लिहा, सही करा आणि मोठ्याने वाचा. कागद फौजदाराकडे जाईल. कामावर यायचे की नाही, ते त्यानंतर मी ठरवीन."

परशुरामपंतांनी चहूकडे पाहिले. एकही मान खाली गेली नाही. त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली व ओठांतल्या ओठांत वाचू लागले.

आनंदीबाई कोपर टेकून उठून बसली.

"मोठ्यान वाच रे! कोपऱ्यातल्या मथुरेक कमी आयकाक येता."