सुरक्षा प्रश्न : आईचं नाव

ही गोष्ट ऐकून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही आधी हसलोच होतो.

पण यातलं निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. उरलेलं ज्यानं सांगितलं तो वगदी माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी पेरू चोरले तरी मालकानं विचारायच्या आत कबूल करून मोकळा व्हायचा.

गाव इझबत अल-बुर्ज. नाईल समुद्राला मिळते तिथलं. गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. समुद्र खवळला होता, होड्या धक्क्याला बांधून पडल्या होत्या आणि बेकार बसलेले पुरुष दिवसभर दुकानांमधून चहा पीत होते. गुरुवार होता. मगरिबची, सूर्यास्ताची बांग नुकतीच होऊन गेली होती.

भुताच्या गोष्टी मध्यरात्री सुरू होतात म्हणे. ही भर गर्दीत सुरू झाली, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

वगदी होड्या बांधणारा सुतार, गावासाठी उस्ता, म्हणजे मिस्त्री. बाप लवकर गेला, लग्न त्यानं केलं नाही. घरात तो आणि त्याची आई, म्हणजे माझी मावशी. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी आला की ती बाल्कनीतून हाक मारायची, "आलास रे वगदी?" चाळिशीचा बाप्या, पण ती हाक ऐकली की मान खाली घालून हसायचा. आम्ही त्याला त्यावरून भंडावून सोडायचो.

मावशीच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. शस्त्रक्रिया मन्सूरा शहरातल्या एका इस्पितळात व्हायची होती आणि तिथली तारीख ऑनलाइनच मिळायची. मुलानं आपल्या नावानं खातं उघडायचं, आईची नोंद करायची आणि तारीख आली की आत शिरून ती पक्की करायची. नाही केली तर नंबर गेला. डॉक्टरांनी वगदीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हा नंबर घालवू नका. पुढचा येईपर्यंत त्या थांबतील असं मला वाटत नाही."

म्हणून तो शुक्रीकडे गेला.

शुक्रीचं मोबाइलचं दुकान वगदीच्याच इमारतीत, तळाला. गावातल्या निम्म्या लोकांची खाती त्यानंच उघडलेली. पासवर्डही त्यालाच पाठ.

"हे बघ उस्ता," शुक्री म्हणाला, "पासवर्ड असा ठेव की सख्ख्या भावालाही कळता कामा नये."

"तुला कळतोय की."

"मी भाऊ कुठाय तुझा? मी दुकानदार आहे."

कोपऱ्यात हाज गरीब, म्हणजे हजला जाऊन आलेले गरीब नावाचे म्हातारे, बसले होते; ते खोकत खोकत हसले. मीही तिथेच होतो, हातात चहाचा ग्लास घेऊन.

पासवर्ड झाला. मग शुक्रीनं मान वर न करताच विचारलं,

"आईचं नाव?"

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं.

आमच्याकडे पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाही. शाळेत पोरं एकमेकांच्या आयांची नावं हुडकून काढून चिडवतात, ते तर आहेच. पण मोठं झाल्यावर कळतं की करणी करणाऱ्यालाही तेच लागतं. नुसतं माणसाचं नाव त्याला चालत नाही. अमक्या बाईचा अमका... असंच बांधावं लागतं.

"ते कशाला पाहिजे?" वगदीचे कान लाल झाले होते.

"सुरक्षा प्रश्न आहे. पासवर्ड विसरलास तर हेच विचारणार. तू तूच आहेस हे त्याला कळायला नको?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर खातं उघडत नाही. घरी जा आणि आईला सांग, मुलगा लाजला म्हणून नंबर गेला."

वगदीनं दाराबाहेर पाहिलं. समोरच तौहीदाखालाचं घर. खाला म्हणजे मावशी; गल्लीतल्या कुठल्याही वयस्क बाईला आम्ही खालाच म्हणतो. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून बंदच.

तिला मूल नव्हतं. उंबऱ्यावर बसून ती गल्लीतल्या प्रत्येक पोराला म्हणायची, "ये रे, एकदा आई म्हण मला. तिळाची चिक्की देते." आमच्या आया धावत येऊन आम्हाला दंडाला धरून आत न्यायच्या. वांझ बाईची नजर लागते म्हणून. आता ते आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा कुणीच तिला आई म्हणालं नाही, हे खरं.

वगदीनं विचार केला, मेलेल्या बाईवर कोण करणी करणार? आणि तिच्या मुलावर तरी कोण करणार? तिला मुलगाच नव्हता.

तो शुक्रीच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तौहीदा."

शुक्रीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग नाव टाकलं.

"परत एकदा टाकायला सांगतंय. खात्रीसाठी."

"तेच टाक."

"आता हे तूच वाच आणि तुझ्याच बोटानं दाब. मी दिलेली माहिती खरी आहे. हो की नाही?"

वगदीनं 'हो'वर बोट ठेवलं.

आणि समोरच्या बंद घरात... आतून कडी वाजली.

"मांजर असेल," हाज गरीब म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वगदी कामावरून आला. गल्लीच्या तोंडाशी पोचला.

हाक आली नाही.

त्यानं वर पाहिलं. मावशी बाल्कनीतच उभी होती, कठड्यावर हात ठेवून. त्याच्याकडेच बघत होती. वाटेनं जाणाऱ्या कुणाकडेही बघावं तशी.

थकली असेल, त्याला वाटलं. तो जिन्याकडे वळला. तेवढ्यात पाठीमागून, अगदी खालच्या आवाजात...

"आलास रे बाळा?"

त्यानं वळून पाहिलं. तौहीदाच्या घराची तळमजल्याची खिडकी. धुळीनं भरलेली. बंद.

घरात मावशीनं त्याच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "साखर किती घेतोस?"

जन्मभर तीच त्याचा चहा करत आली होती.

त्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला. 'तुमच्या खात्यात दुसऱ्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे. हे तुम्हीच होता का?'

वगदी खाली धावला. शुक्रीनं खातं उघडून पाहिलं. मावशीचं नाव होतं, आजार होता, सगळं जागच्या जागी होतं. फक्त 'रुग्णाशी नातं' या चौकटीत त्यानं स्वतः 'मुलगा' निवडलं होतं, तिथे...

'शेजारी' असं होतं.

"चुकून बोट लागलं असेल तुझं," शुक्री म्हणाला. त्यानं 'मुलगा' केलं आणि पासवर्ड बदलला.

संध्याकाळी परत पाहिलं तर 'शेजारी'.

मग तर नवा पासवर्डही चालेना.

"कुणीतरी सुरक्षा प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन पासवर्ड बदललाय," शुक्री पडद्याकडे बघत म्हणाला.

"उत्तर ठाऊक कुणाला? तुला नि मला."

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हणालो नाही."

"तोंडानं नाही म्हणालास. तुझ्या आईच्या तब्येतीशी खेळेन मी? माझी मुलं मरोत असं काही केलं असेल तर." मग तो जरा थांबला. त्याची नजर समोरच्या बंद घराकडे गेली. "तुला, मला... आणि तिला."

 हे सगळं वगदीनं मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी हसलो. म्हटलं, अरे, म्हातारी विसराळू झालीये आणि शुक्री आधीपासून येडपट आहे.

तरी मी मावशीकडे जाऊन आलो. तिनं मला माझ्या बायकोचं बाळंतपण विचारलं, मोठ्याच्या दाताचं विचारलं, मागच्या ईदला मी नेलेला डबा परत मागितला. काहीसुद्धा विसरली नव्हती.

निघताना तिनं विचारलं, "तो सुतार इथे का राहतो रे?"

मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसून उतरलो. जिन्यात मात्र दोनदा वळून वर पाहिलं.

मग मोबाइलवर तारीख आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पक्की करायची होती आणि खातं काही उघडत नव्हतं. सकाळी आम्ही सगळे शुक्रीच्या दुकानात. वगदी रात्रभर झोपला नव्हता.

"हे उत्तरच बदलून टाक," तो म्हणाला. "ते नाव मी परत लिहिणार नाही, खरं नाव टाकतो. माझं मी टाकतो. सगळे तिकडे बघा."

शुक्रीनं उत्तर बदलायचं पान काढून दिलं आणि आम्ही भिंतीकडे तोंड केलं. त्यानं एका हातानं मोबाइल झाकून आपल्या आईचं नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत असेल.

'उत्तर चुकीचं आहे.'

पुन्हा लिहिलं.

'उत्तर चुकीचं आहे.'

"नीट लिही," शुक्री म्हणाला.

"माझ्या आईचं नाव मला लिहिता येत नाही होय रे?" वगदीचा आवाज फाटला होता.

एकच वाट उरली होती. शुक्रीनं फोनवर आकडे मागवायचं बटण दाबलं. यंत्राचा फोन येणार, त्यावरचा आवाज आकडे सांगणार, ते टाकले की खातं उघडणार.

फोन वाजला. वगदीनं कानाला लावला. शुक्री लिहून घ्यायला पेन धरून बसला.

"सात..." वगदी म्हणाला. "दोन... नऊ..."

आणि थांबला.

मी त्याच्या शेजारीच उभा होतो. फोनमधून आवाज मलाही ऐकू येत होता. आकडे सांगणाऱ्या त्या बाईचाच आवाज, तसाच सपाट. पण ती आता आकडे सांगत नव्हती.

"जेवलास का बाळा?"

वगदीनं फोन फेकला. तो उभा राहिला आणि दुकानाच्या दारातून, समोरच्या बंद घराकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं आपल्या आईचं नाव घेतलं. "तिचा आहे मी. ऐकलंस? तुझा नाही. तिचा आहे." आणि पुन्हा नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. मला त्याची हिंमत नाही.

हाज गरीबांनी मान खाली घातली. रस्त्यातले दोघेतिघे तोंड फिरवून उभे राहिले. रडणाऱ्या पुरुषाकडे कुणी बघत नाही, तसं.

समोरून काहीच आवाज आला नाही.

"उस्ता..." शुक्री म्हणाला. "उघडलंय."

खातं आपोआप उघडलं होतं. तारीख पक्की झालेली होती. आम्ही कुणी केली नव्हती. खाली लिहिलं होतं, यापुढे कोणताही बदल करता येणार नाही.

नातं... 'शेजारी'.

वगदी जिना चढत पळाला. त्याच्यामागे मी. दार आतून लावलेलं होतं. त्यानं ठोठावलं.

मावशीनं दार थोडंसं उघडलं. घरात होती, त्यामुळे डोकं उघडंच होतं. वगदीला पाहिलं आणि तिनं पटकन खांद्यावरची ओढणी डोक्यावर घेतली. परका पुरुष दारात आला की आमच्या बायका घेतात, तशी.

"कोण हवंय?"

"आई, मी. वगदी."

"कुठला वगदी?"

 त्याचे ओठ नुसते हलत होते. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर ओळख आली. कळवळा आला.

"अरे, तौहीदाचा मुलगा ना तू?" ती म्हणाली. "जा बाळा घरी. तुझी आई केव्हाची वाट बघतेय."

शस्त्रक्रिया चांगली झाली. कागदावर सही मी केली, कारण शेजाऱ्याची चालत नाही. डॉक्टरांनी तिचा मेंदूही तपासला आणि म्हणाले, या वयाला एवढी तल्लख स्मरणशक्ती आम्ही फार कमी पाहिलीये. मावशी आता स्वतः बाजारात जाते, मासेवाल्याशी भांडते, मला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. त्या गोष्टींमध्ये वगदी कुठेच नसतो. त्यातल्या कित्येक गोष्टी तर त्याच्याच होत्या.

शुक्रीनं दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं. माझ्या मोबाइलवर कुठे आईचं नाव विचारलं की मी ते पान बंद करतो. खरंही लिहीत नाही नि खोटंही नाही. लोक हसतात, हसू देत.

गेल्या शुक्रवारी मी मावशीकडे बसलो होतो. ती मोकळ्या डोक्यानं माझ्यासमोर मुळुखियाची पालेभाजी निवडत होती. मी तिच्या बहिणीचा मुलगा, माझ्यासमोर तिला कसला संकोच? तेवढ्यात वगदी आला. रोज येतो. पाव आणि औषधं आणून देतो. हल्ली राहतो कुठे, जेवतो कुठे, ते तो सांगत नाही. अंगानं मात्र सुटलाय.

मावशीनं लगेच ओढणी डोक्यावर घेतली.

"या ना. बसा," ती म्हणाली. "तुमच्या आईनं फार चांगले संस्कार केलेत तुमच्यावर. अल्ला तिला उदंड आयुष्य देवो."

वगदी बसला नाही. त्यानं पिशवी दाराशी ठेवली. तिच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"येतो, खाला," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.