नादिरच्या नावाची ओळ

पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. अलेक्झांड्रिया, २००३ चा ऑगस्ट, भरदुपार.

मी आणि माझा धाकटा भाऊ नादिर, एकाच ऑफिसात सी भाषेतली एक लायब्ररी लिहीत होतो.

त्यात एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो. पोराचं काम संपलं की ते एक आकडा मागे ठेवतं. शून्य म्हणजे सगळं सुखरूप. जन्म देणाऱ्याने तो आकडा विचारला की पोराचं नाव मशीनवरच्या प्रोग्रामांच्या यादीतून पुसलं जातं.

विचारलाच नाही तर... मेलेलं पोर यादीत तसंच राहतं.

विचारायची ती ओळ मी नेहमी टाळायचे. आळस, दुसरं काय!

"अब्ला, कसली गं तू दगडाच्या काळजाची?" नादिर मला, त्याच्या अब्लाला म्हणजे ताईला, चिडवायचा. "पोरगं गेलं, कसं गेलं एवढं तरी विचार!"

"आधी कीबोर्डवरचा तामियाच्या वड्यांचा चुरा झटक, मग शिकव मला."

मग एका छोट्याशा ऑपरेशनसाठी तो दवाखान्यात गेला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. शेजारच्या टेबलावरच्या गिर्गिसने रिसीव्हर पुढे केला.

"सांग त्याला, नंतर करते." मी स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

नादिर ऑपरेशनमधून परत आलाच नाही.

जाताना तो घाबरला होता का? मला कोणीच सांगू शकलं नाही.

त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी ऑफिसला गेले. यादी उघडली...

नादिरच्या नावाची एक ओळ. मेलेलं पोर. सुरू झाल्याची वेळ दोन दहा. जन्म देणारा, माझाच प्रोग्राम.

मशीनवरचं त्याचं खातं तर गिर्गिसने केव्हाच बंद केलं होतं!

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ओळ तिथेच... वेळही तीच.

"मारून टाक ना ती," गिर्गिस म्हणाला.

"मेलेल्याला काय मारणार, गिर्गिस?"

तीन दिवस मी त्या ओळीकडे नुसती बघत बसले. चौथ्या दिवशी राहवलं नाही. इतकी वर्षं टाळलेली ओळ लिहिली आणि विचारलं.

उत्तर आलं...

शून्य.

मी ढसाढसा रडले. सुखरूप गेला माझा नादिर!

डोळे पुसून पाहिलं, तर यादीत त्याचं नाव नव्हतं. विचारलं की नाव जातं, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

विचारायची ती ओळ मी परत काढून टाकलीय. आजही रोज दोन दहाला यादी उघडून बसते.

"नजला, जाऊ दे गं त्याला आता," काल गिर्गिस म्हणाला.

"जाऊ दिलंय रे. फक्त एकदा त्याचा फोन घ्यायचाय."